सुपरहिरो मालिकेत पात्र मारायचं तर कुठे, कसं आणि त्यानंतर काय?

चौथा_अंक

नमस्कार. आठ भागांच्या (प्रत्येकी ४५ मिनिटं) सुपरहिरो मालिकेच्या संहितेबद्दल विचारतो आहे. नायकाची थोरली बहीण मरणार, एवढं पक्कं आहे. त्याच्या शक्तीबद्दल फक्त तिलाच ठाऊक आहे. ती परिचारिका आहे. त्याच्या जखमा शिवते, आईवडिलांना थापा मारते, आणि कुठल्या भानगडीत पडायचं नाही हेही तीच ठरवते. सध्याच्या मसुद्यात ती आठव्या भागाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मरते.

अडचण अशी की मसुदा वाचणारे एकच बोलतात, "दुसऱ्या सीझनला येईल परत." त्यात चूक त्यांची नाही. दुसऱ्या भागात नायक मरणाच्या दारातून परत येतो तो एका परग्रही यंत्रामुळे, आणि ते यंत्र पुढे कथेत तसंच पडून राहतं.

विचारायचं आहे ते असं. मृत्यू नेमका कितव्या भागात ठेवावा? "येईल परत" ही भावना कशी मोडावी? आणि पहिल्याच दृश्यात कबर दाखवून "सहा महिन्यांपूर्वी" अशी सुरुवात केली तर उत्कंठा वाढेल का? उदाहरणं द्याल तर स्पॉयलरची फिकीर नको. बाकीच्यांनी मात्र जपून वाचावं, गाजलेल्या बहुतेक मालिकांची रहस्यं या धाग्यात फुटणार आहेत.

---

पडद्यामागचा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सहावा भाग. आठवा नको, सातवाही नको.

मरणाचं वजन धक्क्यावर ठरत नाही. ते पात्र कथेत जे काम करत होतं ते आता कोण करणार, यावर ठरतं. ते काम पडून राहिलं, त्यावाचून नायकाचं अडलं, तर प्रेक्षकाला मरण जाणवतं. शेवटच्या भागात मारलं तर अडायला पुढे भागच उरत नाहीत. मग सीझन संपतो, मधे वर्ष जातं, आणि नव्या सीझनची सुरुवात "पाच महिन्यांनंतर" अशी होते. सगळं दुःख त्या पाच महिन्यांत उरकलेलं असतं, आणि ते कुणी पाहिलेलं नसतं.

शेवटच्या भागात मारूनही जमलेलं एक उदाहरण म्हणजे 'ॲरो'चा पहिला सीझन. २३ भाग आहेत. १६व्या भागात टॉमी मर्लिनला कळतं की तो टोपीवाला धनुर्धर म्हणजे आपला जिवलग मित्र, मालिकेचा नायक ऑलिव्हर, आणि तो माणसं मारतो. तिथून दोघांत फट पडते. मे २०१३ मध्ये आलेल्या २३व्या भागात दोघांच्या जिवाभावाच्या लॉरेलला कोसळत्या इमारतीतून बाहेर काढताना टॉमी मरतो. दुसऱ्या सीझनमध्ये ऑलिव्हर ठरवतो की यापुढे जीव घ्यायचा नाही. आता बघा, या मालिकेत दर भागात मारामारी आहे. त्यामुळे टॉमीच्या मरणाने बदललेला नियम दर भागात डोळ्यांसमोर येतो, त्याचं नाव कुणी घेतलं नाही तरी. मृत्यूने एक नियम बदलला आणि तो नियम वारंवार वापरात येणारा होता, म्हणून पाच महिन्यांच्या खंडातही तो मृत्यू पुसला गेला नाही.

याच मालिकेतलं उलट उदाहरण लॉरेलचं. चौथ्या सीझनचा १८वा भाग, एप्रिल २०१६. ती गेली आणि दीड महिन्याच्या आत तीच अभिनेत्री 'द फ्लॅश'मध्ये दुसऱ्या, समांतर पृथ्वीवरची लॉरेल, म्हणजे ब्लॅक सायरन, म्हणून उभी राहिली, पुढे 'ॲरो'मध्येही स्थिरावली. पात्र वेगळं आहे हे मान्य, पण प्रेक्षकाला चेहऱ्याची आठवण असते. चेहरा परत आला की रिकामी जागा भरली जाते, मग संवादांत कितीही शोक लिहा.

रिकामी जागा भरण्याचं हे काम 'डेअरडेव्हिल'ने फार नेमकं केलं. बेन युरिक हा पत्रकार पहिल्या सीझनच्या (२०१५, १३ भाग) १२व्या भागात मारला जातो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्यासोबत शोध घेणारी कॅरन पेज त्याच्या वर्तमानपत्रात काम करू लागते आणि तिला त्याचीच खोली मिळते. जागा भरली, पण भरणारीच्या मनात बेनबद्दलचा अपराधभाव होता, आणि ती जागा आपल्यासाठी मोठी आहे हे तिच्या प्रत्येक हालचालीत दिसत राहिलं. जागा भरायचीच असेल तर अशी भरावी.

शेवटच्या भागात मारण्याची सवय आली कुठून, तर अमेरिकी वाहिन्यांच्या २२-२३ भागांच्या सीझनमधून. तिथे नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत प्रेक्षकसंख्येची मोजणी होऊन जाहिरातींचे दर ठरायचे. म्हणून मोठे धक्के डिसेंबरच्या सुट्टीआधी आणि मेमध्ये. परिणाम असा झाला की प्रेक्षक कथेऐवजी दिनदर्शिका वाचायला लागले. डिसेंबर २०१४ मध्ये ऑलिव्हर तलवार खाऊन कड्यावरून पडतो. ज्याच्यावर अख्खी मालिका उभी आहे तो सीझनच्या मध्यावर मरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ भागांच्या मालिकेला मोजणीच्या महिन्यांचं बंधन नाही. मग ती सवय तुम्ही का बाळगायची?

आता तुमच्या संहितेत. एका कागदावर बहिणीची कामं लिहा. तुम्ही स्वतःच तीन सांगितली आहेत: जखमा शिवणं, थापा मारणं, निर्णय घेणं. प्रत्येक कामासाठी तिच्या मृत्यूनंतरचं एक दृश्य हवं, जिथे ते काम अडतं.

शिवणं: सातव्या भागात त्याला उजव्या खांद्याला जखम होते, डाव्या हाताने आरशात बघून तो स्वतः शिवतो, टाके उसवतात. आठव्या भागातल्या मारामारीत तो हात वर जात नाही. म्हणजे तिचं नसणं कथानकात मोजता आलं.

थापा: आईचा फोन येतो, "रात्री कुठे होतास?" त्याला उत्तर सुचत नाही. गप्प राहतो. पाऊण पान पुरे.

निर्णय: तिने ज्याला नक्की नकार दिला असता अशा बोलावण्याला तो होकार देतो आणि सापळ्यात अडकतो. हे तिसरं सगळ्यांत मोठं, कारण आठव्या भागाचा कळस त्यातून आपोआप येतो.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरलं तर सातव्या भागाच्या ४५ पानांपैकी आठ ते दहा पानं या अडण्याला द्या. रडण्याला दोन पुरेत.

---

उलटा_काळ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त यंत्राबद्दल लिहितो, कारण तुमच्या मसुद्यातलं खरं भोक तेच आहे.

या प्रकारात मृत्यूआधी दारं मोजावी लागतात. काळात मागे जाणं, समांतर पृथ्वी, प्रतिकृती, रूप बदलणारं पात्र, बरं करणारं रक्त, परग्रही औषध. तुमच्या कथेत यातलं जे जे आहे ते प्रत्येक दार मृत्यूच्या आधी बंद झालेलं दिसलं पाहिजे. मेल्यानंतर दिलेलं स्पष्टीकरण सबब वाटते, मग ते कितीही तर्कशुद्ध असो.

दार उघडं राहिलं तर काय होतं, ते 'हीरोज'मध्ये बघा. दुसऱ्या सीझनमध्ये (२००७) गोळी लागून मेलेला नोआ बेनेट त्याच्या मुलीच्या, क्लेअरच्या, रक्ताने जिवंत होतो. त्या क्षणापासून त्या मालिकेतल्या प्रत्येक मृत्यूवर एकच प्रश्न येणार: क्लेअरचं रक्त का नाही दिलं? एका पात्राला वाचवण्यासाठी पुढच्या सगळ्या मृत्यूंची किंमत मोजली गेली. तुमचं यंत्र अगदी याच जागी उभं आहे.

दार नीट बंद केलेलं उदाहरण पुन्हा 'ॲरो'च. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात मेलेली लॉरेलची बहीण सारा चौथ्या सीझनमध्ये लाझरस पिट या मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या कुंडातून परत येते, आणि तिसऱ्याच भागात साराची प्रेयसी नायसा तो पिट नष्ट करते. त्याच सीझनच्या १८व्या भागात लॉरेल मरते तेव्हा तो रस्ता पंधरा भाग आधीच बंद झालेला असतो. लॉरेलच्या मृत्यूतल्या बाकी अडचणी वर आल्याच आहेत, पण हा भाग व्यवस्थित होता.

याहून वरची पायरी म्हणजे दार उघडं ठेवायचं, पण त्याला दाम लावायचा. 'स्मॉलव्हिल'च्या पाचव्या सीझनइतकी स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे दिसत नाही. तिसऱ्या भागात क्लार्क (पुढे सुपरमॅन होणारा नायक) मरतो आणि त्याचा परग्रही जन्मदाता जॉर-एल त्याला परत आणतो, पण सांगून ठेवतो की या जिवाच्या बदल्यात तुझ्या जवळच्या कुणाचा तरी जीव जाईल. उधारी तिथे नोंदली गेली. वसुली १२व्या भागात, जो मालिकेचा १००वा भाग होता (२६ जानेवारी २००६). त्यात आधी क्लार्कची प्रेयसी लाना मोटार अपघातात मरते. क्लार्क काळ मागे फिरवतो, लाना वाचते, आणि त्याच दिवशी त्याला वाढवणारे वडील जोनाथन केंट हृदयविकाराने जातात. त्यांच्या हृदयाचं दुखणंही आयत्या वेळी काढलेलं नाही. तिसऱ्या सीझनमध्ये क्लार्कला घरी आणण्यासाठी त्यांनी काही काळ जॉर-एलकडून शक्ती घेतली होती, त्याचा तो परिणाम. म्हणजे तीन धागे, दोन सीझनभर आधीपासून विणलेले, एका रात्री एकत्र आले. काळ मागे फिरवण्याची सोय समोर असूनही तो मृत्यू परत फिरवता येणार नाही हे प्रेक्षकाला पटतं, कारण ती सोय वापरूनच तो मृत्यू ओढवला आहे.

दाम उशिरा वसूल करता येतो. 'एजंट्स ऑफ शील्ड'चा नायक कोल्सन २०१२ च्या 'द ॲव्हेंजर्स' चित्रपटात मेला आणि २०१३ मध्ये मालिकेत हिंडताफिरता आला. लेखकांनी त्या परत येण्यालाच पहिल्या सीझनचं रहस्य केलं: ११व्या भागात कळतं की त्याच्या आठवणी बदलल्या आहेत, १४व्यात कळतं की औषध परग्रहीच्या शरीरातून आलं आहे. आणि पाचव्या सीझनमध्ये तेच उपचार निकामी होऊन तो पुन्हा मरणपंथाला लागतो. परत आणलेल्या पात्राला शेवटपर्यंत ते ओझं वाहायला लावलं, म्हणून फसवल्यासारखं वाटलं नाही.

उलट 'द फ्लॅश'मध्ये एडी थॉनचं बघा. पहिल्या सीझनच्या २३व्या भागात तो स्वतःवर गोळी झाडतो, कारण खलनायक इओबार्ड त्याचाच वंशज. पूर्वज मेला की वंशज नाहीसा. नियम साधा, त्याग मोठा. आणि दुसऱ्या सीझनच्या ११व्या भागात इओबार्ड हजर, त्याच्या आयुष्यातल्या आधीच्या काळातून आलेला. काळाच्या गणितात बसतं ते, पण एडीच्या त्यागावर पाणी पडलं. पात्र परत न आणताही त्याचा मृत्यू असा वाया जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

तुमच्यासाठी सुचवणं: यंत्रात दोनच वापरांपुरती ऊर्जा होती, हे दुसऱ्या भागातच एका वाक्यात सांगून टाका. पहिला वापर नायकावर. दुसरा चौथ्या भागात, आणि तो निर्णय बहिणीचा. एका अनोळखी मुलाला वाचवण्यासाठी ती तो खर्च करते, नायक विरोध करतो. मग सहाव्या भागात ती पडते तेव्हा "यंत्र का नाही?" हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतो आणि उत्तरही त्याच क्षणी येतं, कुणी बोलायची गरज राहत नाही.

---

निळी_शाई

कबर दाखवू नका.

'ॲरो'च्या चौथ्या सीझनचा पहिला भाग (ऑक्टोबर २०१५) नेमका असाच संपतो: सहा महिन्यांनंतर, कबरीपुढे ऑलिव्हर. कबरीत कोण, हे कळायला १८वा भाग उजाडला. मधल्या काळात प्रेक्षक प्रत्येक पात्राकडे संशयित म्हणून बघत होता. निर्मात्यांनी नंतर सांगितलं की ते दृश्य करताना कोण मरणार हे त्यांचंही ठरलेलं नव्हतं. ते जाणवतं. लॉरेलच्या कथेत आधीच्या भागांपासून त्या मृत्यूकडे जाणारं फारसं काही नाही.

कबर दाखवली की प्रश्न "का आणि कसं" हा राहत नाही, "कोण" एवढाच राहतो, आणि "कोण" हा अंदाज लढवायचा खेळ आहे. कॉमिक्समध्ये १९८८ साली तो खेळ खरोखर खेळला गेला: बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड जगावा की मरावा यावर वाचकांनी फोन करून मतं दिली. मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. कथेचा निकाल ७२ मतांनी लागला.

त्याच २०१५-१६ च्या सीझनमध्ये 'एजंट्स ऑफ शील्ड'नेही भविष्य दाखवलं, पण वेगळ्या रीतीने: अंतराळात एक यान, आत तरंगणारं क्रॉसचं पेंडंट. मग ते पेंडंट एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं आणि मे २०१६ च्या शेवटच्या भागात त्या यानात मरणाऱ्या लिंकनपाशी येऊन थांबतं. हे थोडं बरं, कारण प्रेक्षकाच्या हाती बघायला एक वस्तू आहे आणि ती कुणाकडे जाते त्यात पात्रांची नाती दिसतात. तरी आठ भागांत तेही नको. तुमच्याकडे मरण्याजोगं एकच पात्र आहे, पहिल्या दहा मिनिटांत सगळे ओळखतील.

---

चौथा_अंक

मनापासून आभार. सहावा भाग, कबर रद्द, यंत्राचे दोनच वापर, चौथ्या भागात दुसरा. हे तिन्ही घेतलं.

आता एक नवी शंका. बहीण मरते ती नायकाला पेटवण्यासाठी, असा आक्षेप येईल का? सध्या खलनायक तिला पळवतो आणि नायकाच्या डोळ्यांसमोर मारतो.

---

कारण_परिणाम

येईल, आणि तो रास्त असेल. या प्रकाराला फ्रिजिंग म्हणतात. १९९४ च्या ग्रीन लँटर्न कॉमिकमध्ये नायकाच्या प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं, त्यावरून हे नाव पडलं. गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये कॉमिक्समधल्या अशा मारल्या गेलेल्या, जायबंदी केलेल्या किंवा शक्ती काढून घेतलेल्या स्त्री पात्रांची यादीच केली होती.

तपासायची रीत सोपी आहे. मृत्यूकडे नेणारी साखळी उलटी लिहा आणि प्रत्येक कडीसमोर निर्णय कुणाचा ते लिहा. तुमच्या मसुद्यात सध्या: मारलं (खलनायक), पळवलं (खलनायक), घर शोधलं (खलनायक). बहिणीचं नाव कुठेच नाही. तिच्या जागी कुत्रा किंवा घड्याळ ठेवलं तरी दृश्य तसंच चालेल. दोष तिथे आहे.

आता बेन युरिकची साखळी. खलनायक फिस्कच्या आईला भेटायला बेन आणि कॅरन जातात (त्यांचा निर्णय). फिस्कच्या विश्वासातल्या वेस्लीला ते कळतं, तो कॅरनला धमकावतो, ती त्याला गोळ्या घालते (तिचा निर्णय, ११वा भाग). फिस्क बेनच्या घरी येतो आणि विचारतो, आईला भेटायला आणखी कोण होतं? बेन म्हणतो, मी एकटाच होतो (त्याचा निर्णय). त्या एका वाक्याने कॅरन वाचते. मरणाऱ्याचा शेवटचा निर्णय दुसऱ्याला वाचवतो आणि वाचणाऱ्याला ते ओझं जन्मभर मिळतं. फिस्क गळा दाबतो तो सूड म्हणून, आणि सूड कुठल्या गोष्टीचा हे आपल्याला ठाऊक असतं. एकही कडी सैल नाही.

सैल साखळीचा नमुना 'टायटन्स'च्या दुसऱ्या सीझनचा शेवट (२०१९). डोना ट्रॉय, वंडर वुमनच्या तालमीतली, प्रचंड ताकदीची. ती मरते जत्रेतला मनोरा कोसळताना, विजेच्या धक्क्याने. दुसऱ्याला वाचवताना मरते, म्हणजे निर्णय तिचाच आहे. पण सीझनभर उभ्या केलेल्या संघर्षाशी त्या मनोऱ्याचा काहीही संबंध नाही, आणि इतकं सोसलेली बाई विजेने का मरते याची तयारीही नाही. म्हणून निर्णय मरणाऱ्याचा असणं पुरेसं नाही. कारण मुख्य कथेतून यावं लागतं, आणि तिची शक्ती तिथे का कमी पडली हे आधी दिसावं लागतं.

तुमच्याकडे कडी तयारच आहे: चौथ्या भागात तिने वाचवलेला मुलगा. त्याला वाचवल्याने यंत्राचा माग खलनायकाला लागतो. तो तिच्यापर्यंत येतो, नायकाचं नाव विचारतो, ती सांगत नाही. नायक तिथे असण्याची गरज नाही. तो उशिरा पोहोचतो, आणि त्याचं नाव अजूनही गुप्त आहे यावरून त्याला कळतं की ती बोलली नाही.

---

पडद्यामागचा

हे फार चांगलं जुळलं. एक भर आणि एक मतभेद.

मतभेद 'उलटा_काळ' यांच्याशी. सगळी दारं आधी बंद झालीच पाहिजेत असं नाही. दुसऱ्या टोकाला दार असण्याचा विचारच येऊ नये इतक्या लवकर मारता येतं. 'द बॉइज'च्या पहिल्या भागात (२०१९) सुरुवातीच्याच मिनिटांत अतिवेगवान सुपरहिरो ए-ट्रेन धावत नायक ह्युईच्या प्रेयसीच्या, रॉबिनच्या, आरपार जातो आणि ह्युईच्या हातात फक्त तिचे हात उरतात. 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'मध्ये (मार्च २०२५) नायकाचा जिवलग मित्र फॉगी नेल्सन पहिल्या भागाच्या आरंभीच जातो, तोही तीन सीझनची ओळख मागे असताना. तिथे मृत्यू हे कथेचं उत्तर नाही, प्रश्न आहे. फिस्कची बायको व्हनेसा हिने तो घडवून आणला हे आठव्या भागात कळतं. तुमच्या बहिणीला मात्र लवकर मारू नका, तिची तीन कामं आधी पाच भाग दिसली पाहिजेत.

भर दृश्याबद्दल. फॉगीच्या मृत्यूत मॅट मर्डॉक, म्हणजे डेअरडेव्हिल, वर छतावर मारेकरी बुल्सआयशी झुंजतो आहे आणि त्याच्या अतितीक्ष्ण कानांना खाली रस्त्यावरच्या फॉगीच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. ते थांबल्याचंही त्यालाच आधी कळतं. नायकाची शक्तीच त्याला मृत्यूचा साक्षीदार करते. साध्या पोलीस मालिकेत हे करता येणार नाही. सुपरहिरो मालिकेतल्या मृत्यूला वेगळेपण यावं ते असं, शक्तीतूनच. तुमच्या नायकाची शक्ती कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही. मरताना लांबलचक संवाद लिहिण्याऐवजी त्या शक्तीला काय कळतं ते लिहा. दीड पानाच्या वर जाऊ देऊ नका.

---

चौथा_अंक

शक्ती स्पर्शाची आहे. वस्तूला हात लावला की शेवटच्या काही मिनिटांत ती हाताळणाऱ्याला काय वाटत होतं ते त्याला जाणवतं.

---

कारण_परिणाम

मग तिच्या टाके घालायच्या सुईला हात लावायचं दृश्य सहाव्या भागात नको, सातव्यात ठेवा. सहाव्यात तो पोहोचतो तेव्हा त्या खोलीतल्या कशालाही हात लावायचं टाळतो. सातव्यात खांदा शिवायला सुई उचलावीच लागते. पण "शेवटच्या काही मिनिटांत" ही मर्यादा तेवढी बदला, नाहीतर एका भागानंतर त्या सुईत काही उरणार नाही. "शेवटच्या वापरात" अशी करा, आणि पहिल्या भागात एखाद्या साध्या वस्तूवर ती एकदा दाखवून ठेवा.